रिमांड होममध्ये मुलाचा दिवस कसा जातो? जामीन, भेट आणि पालकांनी करायची धावपळ सोप्या भाषेत

जत्रेच्या रात्री दोन गटांत हाणामारी होते. पोलीस येतात, पाच जणांना गाडीत घालतात. चौघं विशी-पंचविशीतले, पाचवा अकरावीत शिकणारा, सोळा वर्षांचा. सकाळी त्याचा बाप पोलीस ठाण्यात पोचतो, तर चौघं कोठडीत आणि पोरगा कुठंच नाही. "त्याला जिल्ह्याला नेलंय, रिमांड होमला," एवढंच कळतं. बाप घरी येतो, आई रडायला लागते. भावकीतलं कुणीतरी म्हणतं, "आता दोन-तीन वर्षं पोरगं सुटत नाही." दुसरा म्हणतो, "राहू दे महिनाभर, अद्दल घडेल."

हा प्रसंग उदाहरणादाखल आहे, पण असं कुठल्याही गावात घडू शकतं. आणि भावकीतली ती दोन्ही वाक्यं बहुतेक वेळा चुकीची असतात. मूल दोन-तीन वर्षं अडकतंच असं नाही. पण घरचं कुणी फिरकलं नाही, तर चार दिवसांचं काम चार महिन्यांवर जाऊ शकतं. म्हणूनच रिमांड होम म्हणजे नेमकं काय, तिथं मुलाचा दिवस कसा जातो आणि घरच्यांनी काय करायचं, हे प्रत्येक आई-बापाला माहीत असायला हवं.

रिमांड होम, सुधारगृह की जेल?

गावाकडं सगळेच 'रिमांड होम' म्हणतात. कायद्यातलं नाव 'निरीक्षणगृह' असं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर गुन्ह्याचा आरोप झाला आणि त्याला लगेच घरी सोडलं नाही, तर चौकशी चालू असेपर्यंत त्याला इथं ठेवतात. म्हणजे इथला मुलगा अजून दोषी ठरलेला नसतो. चौकशी संपून मुलगा दोषी ठरला आणि त्याला संस्थेत ठेवायचं ठरलं, तर त्यासाठी 'विशेष गृह' ही वेगळी संस्था असते.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. बऱ्याच जिल्ह्यांत एकाच आवारात 'निरीक्षणगृह/बालगृह' अशी पाटी असते. बालगृहातली मुलं अनाथ, हरवलेली, घरातून निघून गेलेली किंवा ज्यांना सांभाळणारं कुणी नाही अशी असतात. त्यांनी कसलाही गुन्हा केलेला नसतो. त्यांचा निर्णय 'बाल कल्याण समिती' घेते. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांचा निर्णय 'बाल न्याय मंडळ' घेतं. त्यामुळे "त्या आवारात राहतो म्हणजे चोर" असं म्हणणं सरळसरळ अन्यायाचं आहे.

जेलचा शिक्का या जागेवर बसला त्याला जुना इतिहासही आहे. मुंबईच्या डोंगरी भागातलं निरीक्षणगृह जुन्या तुरुंगाच्या जागेत आहे. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवसांची शिक्षा भोगली ती डोंगरीच्याच तुरुंगात. मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा आला तो १९२४ साली. आज देशभर लागू आहे तो २०१५ चा बाल न्याय कायदा. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा जेलमध्ये ठेवता येत नाही. एका रात्रीपुरतंसुद्धा नाही.

पहिले चोवीस तास

मुलाला ताब्यात घेतल्यावर पोलिसांनी लगेच आई-वडिलांना कळवायचं असतं. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी एक 'बाल कल्याण पोलीस अधिकारी' नेमलेला असतो. मुलाला त्याच्याकडं सोपवायचं असतं. मुलाशी बोलताना तो साध्या कपड्यांत असावा, असा नियम आहे. मुलाला बेड्या घालायच्या नाहीत, मारहाण करायची नाही, कबुलीजबाबासाठी दबाव आणायचा नाही, कुठल्या जबाबावर सहीही घ्यायची नाही.

ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात. मंडळाची बैठक त्या दिवशी नसेल, तर मंडळाच्या एका सदस्यापुढे नेता येतं. त्यामुळे "आज रविवार आहे, उद्या बघू" हे कारण चालत नाही.

साध्या गुन्ह्यांत मुलाविरुद्ध एफआयआर नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडं पाठवायचा असतो. गुन्हा अतिशय गंभीर असेल किंवा मुलासोबत मोठी माणसंही असतील, तर एफआयआर होतो. जत्रेतल्या भांडणात असंच होतं, कारण बाकीचे चौघं सज्ञान असतात. तरीही पुढची वाट वेगळी. मोठ्यांचा खटला नेहमीच्या कोर्टात चालतो आणि मुलाचं प्रकरण मंडळापुढे. दोघांना एकत्र चालवता येत नाही.

मंडळ म्हणजे कोर्ट का?

मंडळात तीन जण असतात. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्या दोघांत किमान एक महिला असते. इथं उंच व्यासपीठ आणि आरोपीचा पिंजरा नसावा, असं नियमच सांगतात. मंडळाची बैठक निरीक्षणगृहाच्या आवारात किंवा जवळपास भरते. आई-वडील शेजारी बसू शकतात. मुलासाठी मोफत वकील मिळतो. "वकील लावायला पैसे नाहीत" म्हणून घरी बसायची गरज नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील दिला जातो.

मुलाचं वय हा पहिला प्रश्न असतो. त्यासाठी आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच डॉक्टरी तपासणी होते. आपल्याकडं पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट १ जून तारीख लिहीत. अशी अंदाजे तारीख कुणाला अठराच्या अलीकडं ठेवते, कुणाला पलीकडं ढकलते. म्हणून जन्माची नोंद वेळेत आणि खरी करणं महत्त्वाचं. प्रकरण झाल्यावर दाखल्यात खाडाखोड करायला गेलं, तर नवाच गुन्हा अंगावर येतो.

वय मोजतात ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंही कृत्य कायद्याने गुन्हा धरलं जात नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपण काय केलं ते कळण्याइतकी समज होती का, हे बघितलं जातं.

आत गेल्यावर पहिला दिवस

निरीक्षणगृहात दाखल करताना मुलाची नोंद होते. त्याच्याजवळचे पैसे, मोबाईल, गळ्यातली साखळी, हातातलं कडं अशा वस्तूंची यादी करून त्या जमा करतात. सुटताना त्या परत मिळतात. आंघोळ, कपडे, अंथरूण-पांघरूण दिलं जातं. डॉक्टर तपासणी करतात. अंगावर मारहाणीच्या खुणा असतील, तर मुलानं त्या याच वेळी न घाबरता दाखवाव्यात, म्हणजे त्यांची नोंद होते.

मुलांना वय बघून वेगवेगळं ठेवायचं असतं. गुन्ह्याचं स्वरूप आणि मुलाची शारीरिक-मानसिक अवस्थाही विचारात घ्यायची असते. मुलींची सोय पूर्ण वेगळी असते. आपल्या जिल्ह्यात तशी सोय नसेल, तर मुलीला दुसऱ्या जिल्ह्यातही पाठवलं जाऊ शकतं. झोपायच्या खोलीत प्रत्येक मुलामागे ४० चौरस फूट जागा असावी, असा निकष आहे.

पहिल्या एक-दोन दिवसांत परिविक्षा अधिकारी मुलाशी बोलतो. गावाकडं या अधिकाऱ्याला 'प्रोबेशन ऑफिसर' म्हणतात. घरी कोण-कोण आहे, शेती किती, बाप काय करतो, शाळा का सुटली, संगत कुणाची, व्यसन आहे का, असे प्रश्न तो विचारतो. त्यावरून त्याला दोन आठवड्यांत 'सामाजिक तपासणी अहवाल' मंडळाला द्यायचा असतो. हा कागद फार वजनाचा आहे. मूल घरी सुरक्षित राहील की नाही, हे मंडळ बरंचसं याच अहवालावरून ठरवतं. म्हणून हा अधिकारी घरी चौकशीला आला, तर "पोलीस आले" म्हणून दार लावून घेऊ नये. त्याला बसवून खरं ते सांगावं. शाळेतले गुरुजी, सरपंच, शेजारी यांच्याशीही त्याची गाठ घालून द्यावी.

सकाळी सहा ते रात्री नऊ

प्रत्येक निरीक्षणगृहाचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं. ते मुलांशी बोलून ठरवावं आणि भिंतीवर लावावं, असा नियम आहे. साधारण दिवस असा जातो.

पहाटे साडेपाच-सहाला उठणं. आपापलं अंथरूण आवरून घडी घालणं. तोंड धुणं, आंघोळ. कपडे धुण्याची आणि झाडलोटीची पाळी. मग प्रार्थना, कवायत किंवा योगासनं. नंतर हजेरी आणि नाश्ता. पोहे, उपमा, कधी दुसरं काही.

दहाच्या सुमाराला वर्ग भरतो. एकाच खोलीत चौथी सोडलेला आणि अकरावीतला असे दोघं बसलेले असू शकतात. त्यामुळे शाळेसारखा धडा क्वचितच होतो. वाचन, लेखन, गणित, कधी चित्रकला. काही ठिकाणी कॉम्प्युटर, शिवणकाम, सुतारकाम, इलेक्ट्रिकचं काम शिकवतात.

दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती. नंतर समुपदेशकाकडं बसणं, गटात चर्चा किंवा वाचन. संध्याकाळी मैदानावर खेळ, कबड्डी नाहीतर क्रिकेट. दिवेलागणीला पुन्हा प्रार्थना. थोडा वेळ टीव्ही. सात-आठच्या सुमाराला जेवण. मग पुन्हा मोजणी आणि नऊ-साडेनऊला झोप.

जेवणाचं प्रमाणही नियमात लिहिलेलं आहे. नाश्ता धरून दिवसातून चार वेळा खायला द्यायचं असतं. गहू, तांदूळ, ज्वारी असं धान्य दिवसाला माणशी ६०० ग्रॅम, सोळा ते अठरा वयाच्या मुलांना ७०० ग्रॅम. डाळ-कडधान्य १२० ग्रॅम. शिवाय भाज्या आणि दूध. कागदावरचं सगळं ताटात पडतं का, हे संस्थेगणिक बदलतं. भेटीला गेल्यावर "जेवलास का, काय होतं?" हा साधा प्रश्न आईनं जरूर विचारावा.

सणवार इथंही होतात. गणपती बसतो, पंधरा ऑगस्टला झेंडावंदन होतं, दिवाळीत काही संस्था-मंडळं फराळ घेऊन येतात. पण सणाच्या दिवशीच मुलांना घर जास्त आठवतं.

सगळ्यात अवघड काय असतं?

आतलं काम अंगमेहनतीचं नसतं. अवघड असते ती वाट बघणं. मोबाईल नाही, मित्र नाहीत, बाहेर जाता येत नाही. गेटची कडी वाजली की सगळ्यांच्या माना वळतात. पहिल्या रात्री बरीच मुलं झोपत नाहीत. अंधारात बाकीचे झोपले की रडू येतं आणि दिवसा ते लपवावं लागतं.

मावा, गुटखा, तंबाखू, गांजा याची सवय असलेल्या मुलाला पहिले काही दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, भूक जाते. ही सवय घरच्यांना माहीत असेल, तर ती अधीक्षकांना किंवा डॉक्टरांना सांगावी. लपवून मुलाचाच त्रास वाढतो. भेटीत चोरून पुडी देणं तर मुलाच्याच प्रकरणाला मारक ठरतं.

दुसरी भीती मोठ्या मुलांच्या दादागिरीची. जेवण ओढून घेणं, आपले कपडे धुवायला लावणं, मारणं असे प्रकार होऊ शकतात. कधी कर्मचाऱ्याचाही हात उठू शकतो. संस्थेत मुलाला मारणं हा कायद्याने गुन्हा आहे. तक्रारीसाठी संस्थेत सूचनापेटी असावी लागते आणि मुलांची समिती स्थापन करावी लागते. बाल न्याय मंडळानं दर महिन्याला किमान एकदा संस्थेला भेट द्यायची असते. जिल्ह्याच्या तपासणी समितीनं दर तीन महिन्यांनी किमान एकदा यायचं असतं. मूल भेटीत गप्प-गप्प वाटलं, अंगावर वळ दिसले, तर पालकांनी पुढच्या तारखेची वाट न बघता थेट मंडळापुढे लेखी अर्ज द्यावा.

तिसरा त्रास संगतीचा. जत्रेत भांडलेला पोरगा आणि चार वेळा चोरीत सापडलेला पोरगा एकाच खोलीत असू शकतात. आत झालेली ओळख बाहेर आल्यावर फोन करते. "अद्दल घडेल" म्हणून मुलाला मुद्दाम आत राहू देणाऱ्या घरानं हा धोका लक्षात घ्यायला हवा.

काही मुलं भिंत ओलांडून पळायचा प्रयत्नही करतात. पळून घरी आलेल्या मुलाला लपवून ठेवू नये. त्याला घेऊन मंडळापुढे हजर व्हावं. नुसतं पळून गेला म्हणून मुलावर वेगळी कारवाई सुरू करायची नाही, असं कायदा सांगतो.

भेटीला जाताना

भेटीचे दिवस आणि वेळ प्रत्येक संस्थेत ठरलेली असते. आधी फोन करून विचारून घेतलं, तर एसटीचं भाडं आणि रोजगार बुडत नाही. आई-वडील दोघांचं आधार कार्ड आणि मुलाशी नातं दाखवणारा कागद, म्हणजे रेशन कार्ड किंवा शाळेचा दाखला, सोबत ठेवावा. घरचं खाणं न्यायचं असेल, तर चालतं का ते आधी विचारावं. मोबाईल, पैसे, तंबाखू आत नेऊ नये.

भेटीत पहिली दहा मिनिटं शिव्या देण्यात घालवणारे बाप असतात. राग साहजिक आहे. पण मूल आठवडाभर त्या दहा मिनिटांची वाट बघत असतं. "तू चुकलास, पण आम्ही आहोत" एवढं कळलं तरी मुलगा सावरतो. घरी आजी कशी आहे, गाय व्याली का, पाऊस झाला का, शाळेतले गुरुजी काय म्हणाले, हे त्याला ऐकायचं असतं.

दहावी-बारावीचं वर्ष असेल तर ते पहिल्याच भेटीत अधीक्षकांना आणि मंडळाला सांगावं. परीक्षेला बसण्याची परवानगी मागता येते. शाळा सुटलेल्या मुलाला १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी देता येते. हॉल तिकीट, जुनी गुणपत्रिका, पुस्तकं पोचवायचं काम मात्र घरच्यांनाच करावं लागतं.

जामीन: मुलाचा मुक्काम इथं ठरतो

मोठ्या माणसाच्या बाबतीत गुन्हा जामीनपात्र आहे का, हा प्रश्न असतो. मुलाच्या बाबतीत कायदा उलटा आहे. गुन्हा कुठलाही असो, जामीन द्यायचा हाच नियम. नाकारायचा तर तीनच कारणं चालतात. सोडल्यावर मूल सराईत गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, मुलाच्या जिवाला, मनाला किंवा वळणाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच बाद होईल. नाकारताना मंडळाला कारण लिहावं लागतं.

आता या कारणांकडं नीट बघितलं, तर लक्षात येतं की उत्तर घरच्यांच्या हातात आहे. मंडळापुढे आई-बाप उभे असतील, "आम्ही त्याला सांभाळतो, त्या पोरांपासून लांब ठेवतो, मामाच्या गावाला शाळेत घालतो" असं सांगत असतील, तर मंडळाला सोडायला आधार मिळतो. कुणीच आलं नाही, तर मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं हा प्रश्न उभा राहतो. ऊसतोडीला गेलेले आई-बाप, कामासाठी शहरात गेलेला बाप, तारीखच न कळलेली आई, अशा कारणांनी मुलाचा मुक्काम लांबू शकतो. आई-वडील येऊ शकत नसतील, तर आजोबा, मामा, चुलते अशा जबाबदार नातेवाइकाला पाठवावं.

जामिनाची अट पैशामुळे पुरी होत नसेल तर? जामीन मिळूनही सात दिवसांत अट पुरी झाली नाही, तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे न्यायचं असतं. जामीनदार मिळत नाही म्हणून गप्प बसू नये. वकिलाला हे सांगून अट सैल करून मागावी.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोघांचा जीव गेला आणि सतरा वर्षांच्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घालून जामीन मिळाला. त्यावर राज्यभर संताप झाला. नंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं गेलं आणि जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याला सोडायचा आदेश दिला. निबंधाच्या अटीवर लोक चिडले ते समजण्यासारखं आहे. पण जामिनाचं कलम श्रीमंताच्या आणि ऊसतोड कामगाराच्या पोराला एकच आहे. फरक पडतो तो कागद घेऊन, वकील घेऊन, वेळेवर उभं राहण्यात. गरिबाला वकील मोफत मिळतो, पण तो मागावा लागतो.

पुढं काय होऊ शकतं?

चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते. मंडळ ती आणखी दोन महिने वाढवू शकतं. किरकोळ प्रकरण, म्हणजे ज्यात जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे असं, वाढीव मुदतीतही संपलं नाही तर ते बंदच होतं.

आरोप सिद्ध झाला, तर मंडळापुढे बरेच पर्याय असतात. समज देऊन सोडणं, समुपदेशनाला पाठवणं, समाजसेवा करायला लावणं, दंड करणं, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आई-वडिलांकडं देणं. विशेष गृहात पाठवणं हा शेवटचा पर्याय, आणि तोही जास्तीत जास्त तीन वर्षं.

खून, बलात्कार यांसारखे, किमान सात वर्षं शिक्षा असलेले गुन्हे आणि मुलगा सोळा ते अठरा वयाचा, असं असेल तर वाट वेगळी होऊ शकते. मंडळ तीन महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता होती का, परिणामांची समज होती का, हे बघतं. त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडं जाऊ शकतं आणि तिथं त्याला सज्ञानासारखं वागवलं जाऊ शकतं. तरीही एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याला जेलमध्ये टाकत नाहीत, 'सुरक्षित ठिकाण' नावाच्या संस्थेत ठेवतात. फाशी देता येत नाही, सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही देता येत नाही.

पोरांना पुढं करून मागं राहणाऱ्या मोठ्यांसाठीही कायद्यात कलम आहे. लहान मुलाला बेकायदा कामाला वापरणाऱ्या सज्ञान माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड होऊ शकतो. "तू लहान आहेस, तुला काही होत नाही, कोयता तू धर" असं सांगणारा 'भाई' खरं तर आपली शिक्षा पोराच्या नावावर टाकत असतो. मुलाला कुणी असं वापरलं असेल, तर ते वकिलाला आणि मंडळाला स्पष्ट सांगावं.

पोलीस भरती, नोकरी यांचं काय?

गावातल्या अनेक पोरांचं स्वप्न पोलीस भरती नाहीतर सैन्य भरतीचं असतं. म्हणून हा प्रश्न हमखास येतो. बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं की मंडळापुढच्या प्रकरणामुळे मुलाला पुढं कुठलीही अपात्रता लागत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर त्याची नोंद नष्ट करायची असते. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयानं सज्ञानासारखं दोषी ठरवलं, त्याला ही सवलत नाही. बाकीच्यांसाठी कायद्यानं पाटी पुसलेली असते. प्रकरण संपल्यावर निकालाची प्रत मात्र जपून ठेवावी. पुढं पडताळणीत कुणी विचारलं तर ती कामाला येते.

गावाच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी

कायदा पाटी पुसतो, पण मोबाईल ती पुन्हा लिहितो. मुलाला पोलिसांच्या गाडीत बसवतानाचा व्हिडिओ अर्ध्या तासात गावाच्या ग्रुपवर फिरतो. खाली नाव, आडनाव, वस्ती, शाळा सगळं येतं. पोरगं पाच दिवसांत घरी येतं, व्हिडिओ पाच वर्षं फिरत राहतो.

बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाचं नाव, फोटो, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. ती वर्तमानपत्राला आहे, वाहिनीला आहे आणि संदेशाच्या इतर कुठल्याही माध्यमालाही आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा व्हिडिओ आला तर पुढं पाठवू नये, ग्रुपच्या ॲडमिननं तो काढून टाकावा.

हे जवळ ठेवा

- मुलाला ताब्यात घेतल्याचं कळताच घरातल्या मोठ्या माणसानं पोलीस ठाण्यात जावं आणि बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याला भेटावं.
- शाळेचा दाखला, जन्मदाखला, मुलाचं आणि पालकांचं आधार, रेशन कार्ड यांच्या प्रती काढून ठेवाव्यात.
- मंडळाची तारीख आणि ठिकाण लिहून घ्यावं. एकही तारीख चुकवू नये.
- मोफत वकिलासाठी तालुका किंवा जिल्हा विधी सेवा कार्यालयात जावं, नाहीतर १५१०० वर फोन करावा.
- मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. तातडीच्या वेळी ११२.
- "साहेबांना सांगून सोडवतो" म्हणत पैसे मागणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. जामीन मंडळ देतं.

सुटून आलेला मुलगा पहिले काही दिवस घराबाहेर पडत नाही. चावडीवर, पारावर, शाळेच्या फाटकात लोक बघत असतात. परिविक्षा अधिकारी अधूनमधून चौकशीला येतो, पण तो काही रोज येऊ शकत नाही. रोज भेटतात ते शेजारी, गुरुजी, दुकानदार आणि वर्गातली पोरं. "काय रे, जेवलास का?" असं पहिल्यासारखं विचारणारी दोन-चार माणसं गावात निघाली, तर त्या मुलाला पुन्हा तिकडच्या मित्रांचा फोन उचलावासा वाटत नाही. त्याच्या आईलाही मग पाणी भरायला जाताना मान खाली घालावी लागत नाही.